पडदा रस्त्याकडे, गाडी दर्याकडे

स्मृतिलेख कसा असतो ते मला माहीत आहे. वर फोटो, फोटोला हार, मग 'काळाने झडप घातली', मग 'न भरून येणारी पोकळी'. वाचणाऱ्यांनी आत्तापर्यंत रुमाल काढून मांडीवर ठेवले असतील. ठेवा परत खिशात. ज्या माणसाने होडीच्या फळ्या ठोकून अमेरिकन गाडी बांधली, त्याच्याविषयी मी लिहितोय. ती गाडी एवढी लांब आहे की पोकळी असलीच तर तिच्यात आरामात पार्क होईल.

मेस्त्रीनू, ज्यांनी हा लेख मागितला ते म्हणाले, मालवणी बेताने वापर, घाटावरची माणसंही वाचतात. म्हणून आज तुमच्याशी असा बोलतोय, तहसीलदाराकडे दाखला मागायला गेल्यासारखा. हसू नका. 'मेस्त्रीनू' मात्र मी सोडणार नाही. 'कैलासवासी बाबलराव' म्हटलं तर तुम्ही ओ देणार आहात काय?

गेल्या आठवड्यात तुम्ही बांगड्याचं तिखलं परत मागून घेतलंत, जेवलात, ओटीवर आडवे झालात आणि उठलाच नाहीत. तुमच्या घरची, आमची काकी, अजून रागात आहे. आल्यागेल्याला सांगते, "बाजारात जाताना पण सांगान जाय होतो. आता एवढ्या लांब गेलो, तर एक शब्द नाय."

स्मशानातून परत येताना रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्यांचे म्होरके, तात्या माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "उल्या, वायच मेस्त्रींचो आवाज काड रे. बरा वाटात." मी तोंड उघडलं. मेस्त्रीनू, सगळ्यांचे आवाज आले. हेडमास्तर आले, एसटीचा कंडक्टर आला, सरपंच तर न बोलावता आले. तुम्ही आला नाहीत. गावात असं एक माणूस नाही की ज्याची नक्कल मी केली नाही आणि ज्याच्या शिव्या मी खाल्ल्या नाहीत. आणि तुमचाच आवाज घशात अडकून बसला. तात्या म्हणाले, "ऱ्हवांदे, मगे कर." मगे कधी? म्हणून लिहायला बसलो. तोंडाला जमत नाही ते हाताला जमतं का बघू.

गजाल सुरू होते तुमच्या बापसापासून. ते बोटीवर आगवाले. बोटीच्या पोटात बसून बॉयलरला कोळसा घालायचा आणि जग बघायचं फक्त बंदरात उतरल्यावर. मोठी लढाई नुकती संपलेली. त्यांची बोट अमेरिकेच्या कुठल्याशा बंदराला लागली आणि ते पाय मोकळे करायला गावात गेले. एका इमारतीपुढे ही गर्दी! काचेची भिंत, आत बँडबाजा, टोपीवाले पुरुष, हातमोजेवाल्या बाया आणि मधोमध मखमली पडदा. तुमच्या बापसाने काचेला नाक लावलं. एक साहेब माईकवर काहीतरी ओरडला, पडदा वर गेला आणि मागे गाड्या! एक नव्हे, ओळीने. मोठी, त्याहून मोठी, आणि शेवटची तर बंदरातल्या गलबताची बहीण. मागे शेपटी, पुढे चकचकीत दात. पोलिसाने हटकलं तेव्हा बापसाच्या नाकाचा ठसा काचेवर राहिला, असं तुम्ही शपथेवर सांगायचात.

बापसाने तुम्हाला सांगितलं, तुम्ही मला सांगितलंत, आणि मी जत्रेच्या स्टेजवर त्या साहेबाची नक्कल केली. "लेडीऽऽज अँड जंटलमेऽऽन!" म्हणजे अमेरिकेचा साहेब तिसऱ्या हातचा माझ्या तोंडात आला. त्याचं इंग्रजी आमच्या हायस्कूलच्या इंग्रजीसारखं का, असं कोणी विचारलं तर मी सांगायचो, साहेब मूळचा शिरोड्याचा.

त्या रात्री जत्रेत तुम्ही स्टेजमागे आलात. मला वाटलं, बापसाची थट्टा केली म्हणून कानाखाली बसणार.

"उल्या, तो सायब परत कर."

मी केला. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत.

"लढाई संपली तेवा तोफा नि रणगाडे करणारे रिकामे झाले. बरोबर?"

"बरोबर."

"मगे तेनी काय केल्यानी? मोठी गाडी काडल्यानी. आता फायबरच्यो होडयो इल्यो. मी रिकामो झालंय. मगे मी काय करू?"

"काय?"

"मोठी गाडी."

तुमच्याकडे बघून मला हसू येईना, मेस्त्रीनू, आणि माझ्यासाठी हे फार गंभीर लक्षण आहे. तुमच्या मांगरातून, होड्या बांधायच्या त्या कौलारू शेडमधून, शेवटची लाकडी होडी उतरली तेव्हा मी अर्ध्या चड्डीत होतो. त्यानंतर तुम्ही हॉटेलवाल्यांना टेबलं करून दिलीत. एका रिसॉर्टने अर्धी होडी करून मागितली, फक्त पुढची बाजू, फोटो काढायला. ती दिलीत आणि जेवला नाहीत. "अर्धी होडी! अर्धो माणूस पण करून दी म्हणतले." गावात लोक 'मेस्त्री होते' म्हणायला लागलेले. तुम्ही समोर बसलेले असताना.

मी म्हटलं, रिक्षाची बॉडी करा, पर्यटक बसतील.

"ल्हान वस्तू कामात असलेलो माणूस करता. रिकाम्या माणसान मोठीच करूची."

आणि एक नाही, तीन. थोरली, मधली, धाकटी. अमेरिकन साहेबाने जशी पूर्ण ओळ काढली तशी. मी म्हटलं, निदान आधी धाकटी करा, हात बसेल. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत जसं मी शाळेत कधी गेलोच नाही.

"खयच्या घरात धाकटी आदी जन्माक येता रे?"

आपलं एक भांडण राहून गेलं. मी मोबाइलवर शोधलं होतं आणि शहाणपणा करायला धावत आलो होतो. सांगितलं, मेस्त्रीनू, त्या काळात तिथे असल्या मोठ्या मोठ्या गाड्या काढणारे पुष्कळ होते, आणि त्यातले बरेच पुढे बंद पडले. तुम्ही रंधा मारत होतात. थांबलासुद्धा नाहीत. "बंद पडले ता मगे. पडदो वर गेलो ना?" मी म्हटलं, असल्या धंद्याला काय अर्थ? तुम्ही म्हणालात, "उल्या, उतरवलेली होडी पण एक दिवस कुजताच. म्हणान कोण ती उतरवल्याशिवाय ऱ्हवता?" मी तेव्हा मोबाइल खिशात घातला. हरलो नव्हतो, उत्तर शोधत होतो. अजून शोधतोय. तुम्ही मध्येच उठून गेलात.

तळेऱ्याच्या फाट्यावर भंगारवाल्याकडून जुन्या टेम्पोचा सांगाडा आणि इंजिन आलं. पुढचं सगळं तुमचं. होडीला बसवतात तसे वाक बसवलेत, माणसाच्या बरगड्यांसारखे. त्यावर फणसाच्या फळ्या, फटींत काथ्या आणि राळ. मी विचारलं, गाडीला काथ्या कशाला? "पावसात गाडयेत पाणी शिरला तर?" पुढे होडीची नाळ, पाणी कापणारं टोक. मागे दोन शेपट्या. अमेरिकन साहेबाला म्हणे त्या विमानावरून सुचल्या होत्या. तुम्हाला सुरमईवरून सुचल्या. मला विचाराल तर सुरमईची जास्त शोभते.

अख्खं गाव बघायला यायचं. तात्या रापण आटपून यायचे आणि फळीवर टकटक करून म्हणायचे, "बुडाची नाय हां ही!" सरपंच चहा पिऊन जायचे. सगळ्यांनी गाडी आतून बघितली, बाहेरून बघितली, खाली झोपून बघितली. आणि एकालाही काही दिसलं नाही. तेच तर सांगायचंय.

सरपंचांनी पर्यटनाच्या ऑफिसातल्या साहेबांना आणायचं ठरवलं. साहेबांचा निरोप आला होता, की थोरली लोकांसमोर चालून दाखवा, पसंत पडली तर पर्यटकांना फिरवायला उरलेल्या दोन्हीही आम्ही बांधून घेऊ. म्हणजे सगळं त्या एका सकाळवर आलं. थोरली चालली तर मांगरात पुन्हा करवत वाजणार. नाही चालली तर 'मेस्त्री होते' हे कायमचं.

त्या दिवशी सकाळी रस्त्याच्या बाजूला मी मंडप घातला. काकीची जरीची दोन लुगडी जोडून पडदा केला, सुपारीच्या वाशांवर टांगला, माईक लावला. पडदा वर, साहेबाची आरोळी, गाडी बाहेर. अगदी अमेरिकेसारखं. तुम्ही धुतलेली बंडी घालून गाडीला नारळाच्या तेलाने चमकवत होतात. तेवढ्यात काकी चहा घेऊन आली. आमच्या सगळ्यांत तीच एकटी दर्यावर्दी घरातली नाही. तिचं माहेर आतल्या गावचं, भातशेती नि काजूवाल्यांचं. तिने कप ठेवला, पडद्याकडे बघितलं, मग गाडीकडे बघितलं.

"काय वो, ही भायेर खयसून काडतलास?"

मेस्त्रीनू, तेलाचं फडकं तुम्ही तसंच टपावर सोडलंत.

आपला मांगर तीन बाजूंनी चिऱ्यांचा आणि चौथ्या बाजूने, दर्याकडे, सताड उघडा. तुमच्या बापसाने होड्यांसाठी बांधलेला. त्यात जे काही बांधायचं त्याचं तोंड दर्याकडे करायचं आणि झालं की पाण्यात ढकलायचं. कधी कोणी दुसरा विचारच केला नाही. तुम्ही थोरलीचं तोंड दर्याकडे करून बांधलीत. आम्ही सगळे येऊन बघून गेलो आणि आम्हाला ते बरोबरच वाटलं. रस्त्याच्या बाजूला भिंतीत होतं एक दार. त्यातून तुम्हीसुद्धा वाकून यायचात.

"आवशीक..." तुम्ही म्हणालात आणि पुढचं गिळलंत, काकी समोर होती म्हणून.

"भिंत पाडूया," मी म्हटलं.

"आड्याचो भार त्याच भिंतीर आसा. भिंत पाडलंय काय कौला गाडयेर." तुम्ही गाडीच्या पायरीवर बसलात. आणि तेव्हा पहिल्यांदा मला तुमचं वय दिसलं. "तेंका सांग. मेस्त्री गेलो म्हणान सांग. साफ गेलो."

काकीने कमरेवर हात ठेवले. "गाडी थयसूनच भायेर जायत ना, जयसून तुमच्यो होडयो गेल्यो? मगे बसलास कित्याक? तात्याक हाक मारा!"

तुम्ही दर्याकडे बघितलंत. पाणी मांगराच्या पायाशी होतं. तुमचा चेहरा हळूहळू परत तुमचा झाला. "सुकती लागली आसा," तुम्ही म्हणालात. "पाणी खाली गेला काय वाळू घट्ट. किनाऱ्यान धक्क्यापर्यंत, धक्क्यावरसून रस्त्यार. उल्या, सायबांका धरून ठेव."

"किती वेळ?"

"दर्याक इचार!"

मग मी जे केलं ते जगातल्या कुठल्या नकलाकाराने केलं नसेल. तिकडे साहेब येऊन खुर्चीवर बसले, आणि बंद पडद्यापुढे मी एकटा. हेडमास्तर केले. कंडक्टर केला. मालवणच्या मासळी बाजारात पापलेटाच्या भावावरून भांडणाऱ्या दोघी केल्या. सरपंच समोर घाम पुसत बसलेले असताना घाम पुसणारे सरपंच केले. साहेबांनी घड्याळ बघितलं, मी घड्याळ बघणारे साहेब केले. लोक लोळत होते आणि मी पडद्याची कड मुठीत धरून होतो, कारण पडद्यामागे फक्त भिंत आहे हे एकट्या मला माहीत होतं.

तुमच्या बाजूला काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. पण नंतर तुम्ही ते इतक्या वेळा सांगितलंत की मीच तिथे होतो असं वाटतं. तात्यांची रापण दर्यात होती. माणसं दोर ओढत होती, जाळं निम्मं किनाऱ्याला आलेलं. तुम्ही पळत गेलात, धुतलेल्या बंडीने. काय बोललात ते तुम्हाला आठवत नव्हतं. तात्या सांगतात, "मेस्त्री बोललोच नाय. नुसतो मांगराकडे हात करून उभो." तात्यांनी दोर सोडला. आलेली मासळी सोडली. पन्नासेक माणसं मांगरात. ओंडक्यांना माशाचं तेल चोपडलं, रापणीचाच दोर थोरलीच्या नाळेला बांधला. मग तात्या म्हणाले, गाऱ्हाणं घातल्याशिवाय काही उतरवायचं नाही, मग ती होडी असो नाहीतर अमेरिका.

"बा देवा म्हाराजा, तुज्या दर्याच्या कुशीत मेस्त्रींनी ह्या जा काय बांधल्यानी आसा..."

"होय म्हाराजा!"

"तेका चाका आसत, पण नजर तुजीच होई रे म्हाराजा..."

"होय म्हाराजा!"

"तेका खडकाक लावू नको, वाळूत रुतवू नको, नि सायबाच्या समोर बंद पाडू नको रे म्हाराजा..."

"होय म्हाराजा!"

ते शेवटचं 'होय म्हाराजा' मंडपापर्यंत आलं. साहेबांनी विचारलं, "कुठे पूजा आहे का?" मी म्हटलं, "हो, आमच्याकडे असतेच."

मग बराच वेळ काहीच नाही. माझ्याकडचे आवाज संपले. मी कोंबडा केला. बोका केला. आणि भोंगा वाजला. समोरून नव्हे, मागून. अख्खा मंडप खुर्च्यांसकट वळला. धक्क्याच्या चढावरून थोरली येत होती. नाळेला तात्यांनी उडवलेला गुलाल, शेपट्यांवरून खारं पाणी निथळतंय, टपावर शेवाळाची एक लांब पट्टी, मागे ओल्या लुंग्या वर खोचून पन्नासेक माणसं धावतायत, आणि चाकाशी तुम्ही! दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं धरलेलं, जसं वादळात सुकाणू धरतात. ब्रेक कुठला ते आयत्या वेळी आठवेना म्हणून तुम्ही ओरडलात, "नांगर टाक रे!" आणि कोणीतरी खरंच मागून दोर आवळला. थोरली साहेबांच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर थांबली. इंजिन चालूच होतं.

मी माईक तोंडाला लावला. अमेरिकन साहेब माझ्यात संचारला. "लेडीऽऽज अँड जंटलमेऽऽन! अमेरिकेत गाड्या पडद्यामागून येतात! आमच्या मेस्त्रींनी थोरलीचं तोंड मुद्दाम दर्याकडे केलं! पडदा तुम्हाला फसवायला! जगातली ही एकच मोठी गाडी, जी दर्यातून येते!"

मेस्त्रीनू, टाळ्या नव्हत्या त्या. भरती होती. साहेब उठून उभे राहिले. म्हाताऱ्या बायकांनी नाळेला हळदकुंकू लावलं. साहेबांनी पहिली फेरी मारली, उतरले ते ओल्या पँटीने, आणि उतरताच म्हणाले, "मेस्त्री, उरलेल्या दोन सुरू करा." काकीने सगळ्यांसमोर डोळे पुसले आणि विचारलं तर म्हणाली, राळेचो धूर. तुम्ही गाडीच्या टपावर हात ठेवून उभे होतात. समोरचं कोणीतरी म्हणालं, "मेस्त्री आसत हां!" 'होते' नाही, 'आसत'. मी ते माझ्या कानाने ऐकलं.

मधली झाली, ती तुम्ही स्वतः चालवत मालवणच्या बाजारात नेलीत आणि पार्किंगवरून पोलिसाशी भांडलात. धाकटीचे वाक उभे आहेत. फळ्या तात्यांचा मुलगा ठोकतो आणि मी धरतो. वाकड्या जातात. काकी सांगते. मला तुमच्यासारखं रंधा मारता येणार नाही, पण धरायला येतं. अख्ख्या गावाने मला नकला सोडून नोकरी धर म्हणून सांगितलं, एक तुम्ही सोडून. तुम्ही म्हणायचात, "तोंड तुजा हत्यार. धार लाव नि कामाक लाव." याबद्दल तुम्हाला कधी काही बोललो नाही. तुम्हाला असलं बोललेलं चाललं नसतं, तुम्ही म्हणाला असतात, नक्कल कोणाची करतंस? म्हणून आत्ता, तुम्ही ओरडू शकत नाही तेव्हा, उरकून घेतो. मेस्त्रीनू, उपकार आहेत तुमचे.

पण थोरली चालली त्या संध्याकाळी ओरडलात. मंडप सुटला, माणसं पांगली, काकीने ताटं वाढली. मी शाबासकीची वाट बघत बसलेलो. मान खाली घालून तुम्ही भात कालवत होतात.

"माईकार काय म्हणालंस?"

"काय म्हणालंय?"

"मुद्दाम. मेस्त्रींनी मुद्दाम दर्याकडे तोंड केला."

"मगे काय सांगू? मेस्त्री इसारले म्हणान?"

"व्हय! इसारले म्हणानच सांगूचा होता!" ताटावरची वाटी उडाली. "मेल्या, तात्यान अर्धी रापण दर्यात सोडल्यान. त्या पोरांचे खांदे सोलले. नि तू सांगतंस मेस्त्रींचो बेत होतो! बेत असतो तर मी पैसे देवन गडी सांगितलंय असतंय, त्येका काय मोठा? माजी चूक झाली म्हणान ते धावले. तू माजी चूक खाल्लंस, नि त्येंचा धावणा पण खाल्लंस. आता लोक माका शाणो म्हणतले नि तेंका कोण काय म्हणतला? दोराक हात तरी लावलंस काय रे तू?"

"मी माईकार होतंय..."

"माईकार! तोंडान गाडी ओढता ह्यो!"

काकी म्हणाली, "जेवांदे तरी त्येका." तुम्ही तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"फाल्यां सकाळी ये. मधलीचे वाक उभे करूचे आसत. तोंड दर्याकडेच करतलंय. कोणी इचारल्यान भायेर कशी काडतलास, तर काय सांगतलंस?"

मी उडालेली वाटी उचलून ताटाशी ठेवली.

"सांगूचा, गावात माणसा आसत. समाजला? आता तोंड मिट नि जेव."